अपंगत्व पेन्शनचा दावा: बोर्डापासून अपिलापर्यंत कोणता कागद कधी आणि कसा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गावोगावी माजी सैनिक आहेत. त्यांच्यातल्या अनेकांचे अपंगत्व पेन्शनचे दावे वर्षानुवर्षं पडून राहतात. आजार खरा असतो, गुडघा खरोखर वाकत नाही, कान खरोखर गेलेला असतो. तरीही दावा फेटाळला जातो, कारण फाईल बघणारा माणूस तुम्हाला कधीच भेटत नाही, तो फक्त कागद वाचतो. कागदात जे नाही ते त्याच्यासाठी घडलेलंच नाही. म्हणून हा लेख कागदांच्या क्रमाने लिहिला आहे. प्रामुख्याने जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) यांच्यासाठी आहे. नौदल, हवाई दल आणि अधिकाऱ्यांची कार्यालयं वेगळी असली तरी क्रम जवळपास हाच राहतो.

## १. आधी स्वतःची जागा ओळखा

दावा टिकायला दोन गोष्टी लागतात. आजार किंवा इजा सेवेमुळे झालेली हवी (अट्रिब्युटेबल), किंवा सेवेमुळे बळावलेली हवी (अ‍ॅग्रॅव्हेटेड). आणि अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त हवं. एक आहे आणि दुसरं नाही, तर पैसे सुरू होत नाहीत.

आता बघा तुम्ही कुठे आहात:

- अजून नोकरीत आहात, डिस्चार्जचा (सेवा सोडतानाचा) मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी, पुढे आहे. टप्पा २ पासून वाचा.
- बोर्डाने "सेवेशी संबंध नाही" (एनएएनए) म्हटलं, किंवा टक्केवारी २० च्या खाली लावली. टप्पा ३, ४ आणि ५ तुमचे.
- पेन्शन मंजूर आहे, पण रक्कम कमी वाटते. सरळ टप्पा ७ वर जा, कदाचित अपिलाची गरजच नसेल.

डिस्चार्जची तारीख बाजूला लिहून ठेवा. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना २०२३ चे नवे पात्रता नियम लागू आहेत. त्याआधीच्यांना २००८ चे किंवा १९८२ चे.

सावध: २०१२ साली घरी आलेल्या मित्राचं जिंकलेलं अपील नाव बदलून २०२४ च्या माणसाने पाठवू नये. नियमच वेगळे असल्याने ते पहिल्या परिच्छेदातच पडतं.

## २. बोर्डाच्या आधी: इथेच निम्मा दावा ठरतो

डिस्चार्जच्या वेळचा बोर्ड एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर होतो. त्यात तुमचं स्वतःचं निवेदन असतं: कुठे कुठे सेवा केली, शांत भागात की फील्डमध्ये, आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे जाणवला, सेवेतल्या कोणत्या घटनेमुळे तो झाला असं तुम्हाला वाटतं. हे पान क्लार्क पुढे सरकवतो आणि जवान उभ्या उभ्या "नो", "नो", "निल" असं भरून सही करतो. घरी जायची घाई असते, बायको-पोरं वाट बघत असतात, हे समजण्यासारखं आहे. पण पाच वर्षांनी अपील वाचणारा पहिल्यांदा हेच पान उघडतो, आणि तिथे तुमच्याच सहीखाली "निल" लिहिलेलं असतं.

ते पान भरण्याआधी एका कोऱ्या कागदावर आपली सेवा तारखांनिशी लिहून काढा: युनिट, ठिकाण, फील्ड की शांत भाग, कधीपासून कधीपर्यंत. आजार पहिल्यांदा ज्या दिवशी एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) दाखवला तो महिना त्याच यादीत बसवा. म्हणजे फील्डमधून परतल्यावर किती दिवसांत त्रास सुरू झाला हे आपोआप दिसतं.

इजा असेल तर इजा अहवाल (आयएएफवाय-२००६) भरला गेला का, हे युनिटमध्ये असतानाच बघा. डॉक्टरांचा भाग भरलेला आणि कमांडिंग ऑफिसरचा भाग कोरा, असे अहवाल खूप निघतात. इजा ड्यूटीवर झाली की नाही हे कमांडिंग ऑफिसरच लिहितात, त्यामुळे तो भाग कोरा म्हणजे दाव्याचा कणाच नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिच्या निष्कर्षाची प्रत मागा.

हृदयविकार असेल तर झटका आला त्याआधीच्या १४ दिवसांत तुमच्याकडे काय काम होतं, याची नोंद युनिटकडून मागितली जाते. तिथे नुसतं "रुटीन ड्यूटी" लिहून गेलं की संबंध तुटतो. नाईट गार्ड, लांबचा काफिला, फायरिंगचा कॅम्प असं जे खरंच होतं ते तारखेसह लिहून घ्या.

रजेवरचा अपघात ही वेगळी गोष्ट आहे. युनिटमधून रजेच्या गावी जाताना किंवा रजेहून परतताना, सरकारी खर्चाच्या हक्काच्या प्रवासात झालेला अपघात ड्यूटीत धरला जातो. तिकीट, वॉरंट, रजेचा दाखला यांच्या प्रती जपा. पण गावी पोचल्यावर आठ दिवसांनी कराडच्या बाजारातून मोटारसायकलवर येताना झालेला अपघात त्यात बसत नाही. सेवेशी थेट कारण दाखवता आलं नाही तर तिथे वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

तपासा: बोर्डाची सगळी पानं, मागची बाजूसुद्धा, झेरॉक्स करून घेतली का? न मिळाल्यास त्याच आठवड्यात लेखी मागणी द्या. "रेकॉर्डमधून मिळेल" असं ऐकून निघून येऊ नका.

## ३. घरी आल्यावर: फाईल उभी करा

पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात पावसाळ्यात ट्रंकेतल्या कागदांना ओल लागते आणि जुन्या बोर्डावरची शाई फुटते. तेव्हा सगळ्यात आधी प्रत्येक पान मोबाईलवर सरळ उजेडात स्कॅन करा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवा. लॅमिनेशन करू नका: पुढे कुणी मूळ प्रत तपासायला मागितली तर शिक्का आणि सही नीट दिसत नाही.

फाईलमध्ये हवं ते:

- डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), नंतर निघालेल्या सुधारित पीपीओंसह
- डिस्चार्जच्या बोर्डाचं एएफएमएसएफ-१६
- त्याआधी सेवेत असताना वैद्यकीय श्रेणी (कॅटेगरी) ठरवणारे सगळे बोर्ड (एएफएमएसएफ-१५)
- भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणी अहवाल
- इजा अहवाल, असल्यास कोर्ट ऑफ इन्क्वायरी
- शीट रोल, म्हणजे कुठे कुठे नोकरी केली त्याची नोंद
- नकाराचं पत्र, ज्या पाकिटात आलं त्यासह

शेवटची ओळ किरकोळ वाटेल, पण पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का तुमची मुदत ठरवू शकतो. पत्रावर तारीख मार्चची आणि गावात पोचलं मेमध्ये, हे सिद्ध करायला दुसरं काही हातात नसतं.

जे नाही ते रेकॉर्ड ऑफिसकडून (आपल्या रेजिमेंटचं सेवा-नोंदी ठेवणारं कार्यालय) माहिती अधिकारात मागवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीला आहे. मिरजेहून रेल्वेने बेळगाव जवळ आहे म्हणून अनेकजण थेट जाऊन उभे राहतात. जायला हरकत नाही, पण हातात तारखेचा अर्ज आणि पोचसाठी दुसरी प्रत घेऊन जा. नुसत्या भेटीचा कुठेही पुरावा उरत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जात इथे लोक हमखास एक चूक करतात. तहसील कार्यालयात चालतं म्हणून १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतात. सैन्य हे केंद्र सरकारचं कार्यालय आहे, तिथे ते चालत नाही. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर अकाउंट्स ऑफिसरच्या नावे जोडा किंवा केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर ऑनलाइन फी भरा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

अर्जात प्रश्न विचारू नका. "माझं पेन्शन का नाकारलं?" याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागदाचं नाव, फॉर्म क्रमांक, आपला आर्मी नंबर आणि डिस्चार्जची तारीख लिहून "प्रमाणित प्रत द्यावी" एवढंच म्हणा.

तपासा: नाव सगळीकडे एकसारखं आहे का? डिस्चार्ज बुकात पवार, आधारवर पोवार. सैन्यात नाव-आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव. दाव्याबरोबरच ही दुरुस्ती सुरू करा, नाहीतर मंजूर झालेले पैसेसुद्धा नावाच्या फरकावर थांबतात.

## ४. नकाराच्या पत्रातलं नेमकं वाक्य शोधा

पत्र आल्यावर राग येतो, डोळ्यांत पाणीही येतं. दोन दिवस बाजूला ठेवा. मग पेन्सिल घेऊन कारणाच्या वाक्याखाली रेघ मारा. सगळं अपील त्या एका वाक्याला उत्तर असणार आहे.

"सेवेशी संबंध नाही" किंवा "आजार प्रकृतीजन्य आहे" (म्हणजे सेवेमुळे नाही, शरीराच्या मूळ प्रकृतीमुळे झालेला). रक्तदाब, मधुमेह, मानसिक आजार, फिट्स अशा प्रकरणांत हे सर्रास येतं. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली स्पष्ट केलं की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आणि संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. भरतीच्या वेळी आजार ओळखता येत नव्हता असं बोर्डाचं म्हणणं असेल, तर त्याचं कारण बोर्डाने लिहायला हवं. नुसतं "नाही" पुरत नाही. हा निकाल जुन्या नियमांवरचा आहे, म्हणून टप्पा १ मधली तारीख आधी बघा.

"शांत भागात सुरुवात झाली." इथे शीट रोल कामाला येतो. निदान शांत भागात झालं तरी त्याआधी फील्डमध्ये किंवा अति उंचीवर किती काळ होतात, तिथून परतल्यावर किती दिवसांत त्रास सुरू झाला, हे तारखांनी दाखवा.

"२० टक्क्यांपेक्षा कमी." मुदत पूर्ण करून निवृत्त झाला असाल तर टक्केवारीची फेरतपासणी मागा आणि डिस्चार्जच्या काळातले अहवाल जोडा. पण आजारामुळे मुदतीआधीच सेवेतून काढलं असेल, तर बाजू बरीच भक्कम आहे. सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्याला अपंगत्वामुळे सेवेबाहेर काढलं, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांहून जास्तच धरलं पाहिजे.

सावध: सिव्हिल हॉस्पिटलचं दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) बोर्डाच्या जागी चालत नाही. त्यावर ४५ टक्के लिहिलं म्हणून सैन्याच्या बोर्डाचे १५ टक्के आपोआप वाढत नाहीत. वैद्यकीय पुरावा म्हणून जोडा, त्याच्या भरवशावर राहू नका.

## ५. पहिलं अपील

मुदत नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिने. अपील पहिल्या अपिलाच्या समितीसमोर जातं, पण पाठवायचं आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत. मराठीत पाठवू नका. बेळगाव असो वा सागर, हिंदी किंवा इंग्रजीत लिहून घ्या आणि सही करण्याआधी लिहिणाऱ्याकडून प्रत्येक वाक्य मराठीत समजून घ्या.

दोन-तीन पानं पुरेत. पहिल्या परिच्छेदात नंबर, रँक, नाव, युनिट, डिस्चार्जची तारीख, नकारपत्राचा क्रमांक आणि ते हातात पडल्याची तारीख. दुसऱ्यात नकाराचं वाक्य जसंच्या तसं. तिसऱ्यापासून उत्तर, प्रत्येक विधानापुढे जोडपत्राचा आकडा. उत्तराचा परिच्छेद साधारण असा उभा राहतो (तारखा नमुन्याच्या आहेत):

*"भरतीवेळी मी शेप-१ (पूर्ण तंदुरुस्त श्रेणीत) होतो आणि त्या तपासणीत या आजाराची नोंद नाही (जोडपत्र १). जून २००९ ते ऑगस्ट २०११ मी अति उंचीच्या फील्ड भागात सेवेत होतो (जोडपत्र २). आजाराचं पहिलं निदान नोव्हेंबर २०११ मध्ये, तिथून परतल्यावर तीन महिन्यांत झालं (जोडपत्र ३). भरतीवेळी हा आजार का ओळखता आला नाही, याचं कारण बोर्डाने दिलेलं नाही. बोर्डाचं मत कारण न देता दिलेलं असल्याने ते रद्द करून अपंगत्व सेवेशी संबंधित मानावं."*

घरची परिस्थिती, मुलीचं लग्न, शेतीचं कर्ज हे सगळं खरं असतं आणि मनात दाटून येतं. पण समितीला त्यावर निर्णय देता येत नाही, आणि त्यात मूळ मुद्दा हरवतो. इथे मन घट्ट करावं लागतं.

सहा महिने उलटून गेले असतील तरी अपील सोडू नका. उशीर का झाला याचं खरं कारण वेगळ्या परिच्छेदात लिहा, पुरावा असेल तर जोडा, आणि उशीर माफ करण्याची मागणी करा.

पाठवताना: स्पीड पोस्ट, पोचपावतीसह. अपिलाचा पूर्ण संच, जोडपत्रांसकट, घरी ठेवा. पोस्टाच्या पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते, त्या दिवशीच फोटो काढा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज दाखवा, ते मदत करतात आणि पत्रही पुढे पाठवतात. पण निर्णय त्यांच्या हातात नाही. "सैनिक बोर्डात (म्हणजे याच कार्यालयात) अर्ज दिला आहे" या समाधानावर सहा महिने निघून जातात, आणि ते अपील समजलं जात नाही.

## ६. दुसरं अपील आणि न्यायाधिकरण

पहिलं अपील फेटाळलं तर दुसऱ्या अपिलाची समिती आहे, मुदत पुन्हा सहा महिने. तेच अपील पुन्हा पाठवू नका. पहिल्या अपिलाच्या आदेशातलं नवं कारण शोधा आणि त्यालाच उत्तर द्या.

त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्यासाठी मुंबई खंडपीठ. अंतिम आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. अपिलावर सहा महिने कुणी उत्तरच दिलं नाही, तरी तिथे जाता येतं. अपील पाठवल्याची पोस्टाची पावती इथे सोन्यासारखी ठरते.

उशिराची किंमत रोख पैशात मोजावी लागते. तरसेम सिंग प्रकरणातल्या २००८ च्या निकालानुसार, अनेक वर्षांनी दावा केला तर पेन्शन मिळतं, पण थकबाकी साधारण दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच. त्यामागची वर्षं गेली.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अपंगत्व असलेल्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क कायद्यात आहे, उत्पन्नाची अट त्याला नाही. थकबाकीत टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला कोरा कागद सही करून देऊ नका आणि स्पर्शचा (संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचा) ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

## ७. मंजूर झालं, पण रक्कम कमी: राउंडिंग तपासा

अपंगत्व घटक (पेन्शनमधला अपंगत्वापोटीचा भाग) १०० टक्क्यांसाठी शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो, आणि टक्केवारी कमी तसा तो त्या प्रमाणात कमी होतो. पण टक्केवारी वर नेऊन मोजायची असते: ५० च्या खाली असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ ते १०० असेल तर १००. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला.

हिशोब करून बघा. शेवटचं वेतन ४०,००० असेल तर १०० टक्क्यांना १२,००० रुपये. अपंगत्व २० टक्के, राउंडिंग नाही: महिना २,४०० रुपये. राउंडिंग धरून ५० टक्के: ६,००० रुपये. त्यावर महागाई वेगळी. फरक दर महिन्याचा, आयुष्यभराचा.

स्पर्श पोर्टलवर लॉगिन करून ई-पीपीओ उघडा आणि एवढं बघा: अपंगत्व घटक स्वतंत्र दिसतो का, टक्केवारी राउंड केलेली आहे का, कोणत्या तारखेपासून. बँकेतून पेन्शन घेणारे जे नंतर स्पर्शवर आले, त्यांनी जुना पीपीओ शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवावी. फरक दिसला तर पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा, आणि त्याच मजकुराचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. लॉगिन जमत नसेल तर स्पर्श सेवा केंद्रावर आधार आणि पीपीओ घेऊन जा.

## ८. दावा चालू असताना पेन्शनर वारले तर

दावा आपोआप संपत नाही. अपंगत्व घटक मंजूर झाला तर मृत्यूच्या तारखेपर्यंतची थकबाकी वारसांना मिळू शकते. पत्नीने मृत्यूचा दाखला, अपिलाची प्रत आणि पोस्टाच्या पावत्या जोडून रेकॉर्ड ऑफिसला लगेच कळवावं. मृत्यू त्याच सेवेशी जोडलेल्या आजाराने झाला असेल तर साध्या कुटुंब पेन्शनऐवजी विशेष कुटुंब पेन्शनचा दावा करता येतो. त्यासाठी मृत्यूच्या दाखल्यासोबत दवाखान्याने दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं. अंत्यविधीच्या धावपळीत ते मागायचं राहून जातं आणि नंतर दवाखान्यात जुनी नोंद शोधत फिरावं लागतं. म्हणून घरातल्या एका जाणत्या माणसाला ही फाईल कुठे आहे ते आजच दाखवून ठेवा.